मुलीची पट्टी

लग्न होऊन मी निमोण्याला आले तेव्हा माझ्या रुखवतात हार्मोनियम होती. जमलेल्या बायकांनी झाकण उघडून पट्ट्या दाबून बघितल्या, आणि एका आजींनी सासूबाईंना विचारलं, "सूनबाईचे वडील भजनात असतात का?" वडील भजनात नव्हते, कापूस पिकवत होते. पेटी माझी होती. मी बी.ए.ला संगीत घेतलं होतं. हे सांगितल्यावर आजींना दोन गोष्टी कळेनात. कॉलेजात गाणं कसं काय शिकवतात, आणि शिकवलंच तर मुलीला कशाला? या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली. पेटीचा भाता दोनदा बदलून झाला. आजी आता नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र मला अजून ऐकावा लागतो, आणि आता तो घरातून नाही, कॉलेजांतून येतो. म्हणून हे लिहायला बसले.

माझं माहेर अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं. शकुंतला रेल्वेच्या रुळांशेजारून पायवाटेनं फाट्यावर यायचं आणि तिथून एसटी धरायची, असं तीन वर्षं कॉलेज केलं. कॉलेज लहान होतं. मराठी, इतिहास आणि संगीत हे माझे विषय. वऱ्हाडात यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. अमरावती विद्यापीठाच्या कितीतरी कॉलेजांत, अगदी तालुक्याच्या गावीसुद्धा, बी.ए.ला संगीत हा विषय असायचा. अर्थशास्त्र असतं, गृहअर्थशास्त्र असतं, तसंच संगीत.

आमचा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरायचा. आम्ही सात मुली आणि दोन मुलगे, शिकवायला एक सर आणि तबल्याला एक साथीदार. कपाटात दोन तानपुरे होते, त्यातल्या एकाच्या भोपळ्याला चीर गेलेली होती आणि ती सरांनी कागद आणि खळ लावून बुजवली होती. पहिल्या महिन्यात सरांनी आम्हाला गायला लावलं नाही, तानपुरा लावायला लावलं. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या, शेवटची खर्जाची. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा, मग खालचा मणी सरकवून नेमका करायचा. त्यानंतर जवारी. घोडीवर तारेखाली एक सुती दोरा असतो. तो एका जागी असला की तार मुकी राहते, लाकडावर टकटक केल्यासारखी वाजते. केसभर पुढे ओढला की तीच तार खुलते आणि लांबत जाते. सर म्हणायचे, आता खर्ज छेड आणि गप्प बस. मी गप्प बसायची, आणि खर्जाच्या तारेतून, कोणीही न वाजवलेला गंधार हळूच वर यायचा. पहिल्यांदा तो ऐकू आला त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं की तारेच्या आत दुसरा सूर असतो. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "असंल. तुझ्या पुस्तकात असंल."

आई बोलली त्यात सगळं आलं. माझं गाणं आमच्या घरात पुस्तकातलं होतं. त्याला परीक्षा होती, बाहेरून परीक्षक यायचे, भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांतून बंदिशी उतरवून घ्याव्या लागत, ठाय, दुगुण, चौगुण हातावर टाळी-खाली देत म्हणून दाखवावे लागत. संध्याकाळी मी आ लावून बसले आणि शेजारच्या काकूंनी भुवया उंचावल्या, तर आई दारातूनच सांगायची, "अभ्यास चालू आहे तिचा." भूगोलाच्या मुलीला नकाशे काढू देतात, तसं संगीताच्या मुलीला गाऊ देतात. मूर्तिजापूरला कोणी मोठा गवई राहत नव्हता, महोत्सव होत नव्हते. त्या जिन्याखालच्या खोलीनं मला फार मोठी गायिका केलं नाही. पण गुणपत्रिकेवर एक ओळ आली, आणि त्या ओळीच्या आधारावर मी तीन वर्षं आणि नंतर आयुष्यभर तोंड उघडून गाऊ शकले. लहान कॉलेजातल्या संगीत विभागाचं हे काम शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं, चार विद्यार्थ्यांसाठी विभाग कशाला, ज्याला शिकायचंय तो पुण्याला जाऊन गुरू करेल. ज्याला पुण्याला जाता येतं, तो जाईलच. मी जिला जाता येत नाही तिच्याबद्दल बोलते आहे.

आता निमोण्याचं सांगते. घोडनदीच्या, म्हणजे तुम्ही शिरूर म्हणता त्या गावाच्या, पट्ट्यातलं आमचं गाव. धरणाचं पाणी आलं तसा ऊस आला, कांदा तर आहेच. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला जाणारी पोरं आहेत. आणि गाणं? गाणं इथं वऱ्हाडापेक्षा जास्त आहे. रोज संध्याकाळी हरिपाठ, एकादशीला भजन, वर्षातून एकदा सप्ताह. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही, पहारेकरी बदलत राहतात. लहान लहान पोरं पखवाजावर अशी बोटं चालवतात की बघत राहावं. मी आले त्याच वर्षी सप्ताहात मंडळाची पेटी बिघडली. माझे सासरे टाळकरी होते. ते म्हणाले, आमच्या घरात पेटी आहे, आणि ते पेटी घेऊन गेले. मी ओट्यावरून ऐकत राहिले. माझी पेटी कुठल्या पट्टीवर जरा दमते हे मला माहीत होतं, वाजवणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यात कोणाची चूक नव्हती. सून देवळात पेटी वाजवेल हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. पुढं सासऱ्यांनीच मला घरी शिकवण्या घ्यायला सांगितलं, ओटीवर सतरंजी त्यांनीच टाकली.

त्या सतरंजीवर तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. वस्तीवर राहणारी, नववीतली. आई म्हणाली, "काकू, हिला हरिपाठ सगळा पाठ आहे. पण भजनात जरा वर गेलं की घसा बसतो. डॉक्टरला दाखवलं, गोळ्या झाल्या, मध-हळद झाली." मी मुलीला म्हटलं, पेटी राहू दे, तुला येईल तिथून अभंग म्हण. तिनं सुरू केलं आणि मी पट्टी शोधली. काळी दोन. म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी, अगदी नेमकी तीच. कारण देवळातली पेटी कायम काळी दोनवर असते आणि ही लहानपणापासून त्याच सुरात बसलेली. पुरुषांचा गळा त्या पट्टीत मोकळा चालतो. मुलीनं तीच पट्टी धरली तर दोनच वाटा राहतात. वरच्या अंगानं गेली तर चरणाच्या शेवटी तार षड्जाला आवाज फाटतो. खालच्या अंगानं गेली तर नुसता वारा निघतो, सूर लागत नाही. ही मुलगी पाच वर्षं वरच्या अंगानं ओरडत होती. तिच्या घशाला काही झालेलं नव्हतं. मी काळी चार दाबली, षड्ज तिथं बसवला आणि म्हटलं, आता इथून म्हण. पहिली ओळ तिला फार खाली वाटली. ती अवघडली, आईकडं बघायला लागली, हे काय बायकी असं तिच्या चेहऱ्यावर आलं. दुसऱ्या चरणाला सूर वर चढला, आणि तिला जोर लावावा लागला नाही. ती मध्येच थांबली. तिनं गळ्याला हात लावला. मी म्हटलं, थांबू नको, म्हण.

दोन महिन्यांत घसा बसायचा थांबला. यात माझी हुशारी काही नाही, बी.ए. भाग एकला शिकवतात ते हे. देवळातल्या मंडळींचाही दोष नाही. तिथं पेटी एक, पट्टी एक, आणि पंचवीस माणसं एका सुरात म्हणतात, तीच भजनाची ताकद आहे. पण एकेका गळ्याकडं कान देणारं माणूस गावात लागतं. असं माणूस तयार व्हायला विषय लागतो, वर्ग लागतो, शिकवणारा लागतो.

मुलग्यांना एक वाट आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं मुलगे चार वर्षं राहतात, माधुकरी मागतात, गायन, पखवाज, कीर्तन शिकतात आणि आपल्या गावी परत येतात. आज आपल्या पट्ट्यात सप्ताहाला उभं राहणारे कितीतरी कीर्तनकार या वाटेनं आलेले आहेत. घरात खायची भ्रांत असली तरी ही वाट बंद होत नाही, ही त्या संस्थेची थोरवी. पण मुलीला कोण माधुकरी मागायला पाठवणार? तिला सकाळच्या एसटीनं जाऊन दुपारच्या एसटीनं परत येता येईल, एवढ्याच अंतरावरचं शिकता येतं. म्हणजे तालुक्याचं कॉलेज.

मुलींच्या गाण्याला आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, आणि ती उघड बोलायला हवी. याच शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीची समाधी आहे. १७४० साली ती गेली. लोक तिथं जातात, फोटो काढतात, पण आपल्या मुलीनं गायचं म्हटलं की त्याच घरातून 'आता तेवढंच राहिलंय' असं ऐकू येतं. पुणे जिल्ह्यातलंच नारायणगाव तमाशाची पंढरी. तिथल्या विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. इकडे न्हावऱ्यावरून चौफुल्याकडं गेलं की संगीत बारीची कला केंद्रं लागतात. या बायकांनी गाणं पोटासाठी केलं, आणि किती कष्टानं केलं! मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण गावानं गाणाऱ्या बाईचं एकच चित्र मनात ठेवलं आणि त्या चित्राची भीती घालून बाकीच्या मुलींची तोंडं बंद केली. मिरजेत १९०५ साली जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून, सभागृहात, सगळ्यांसमोर बसून ख्याल गायला, तेव्हा बाईच्या गाण्याकडं बघायची शहराची नजर बदलायला लागली. गावापर्यंत ती नजर अजून पूर्ण पोचलेली नाही. आणि ती व्याख्यानानं पोचत नाही. माझ्या अनुभवात ती गुणपत्रिकेनं पोचते.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी हे ओळखलं होतं, असं मला नेहमी वाटतं. कुरुंदवाडचा मुलगा, लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली, पुस्तकं वाचता येईनात म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवांकडं गाणं शिकायला आला. पुढं ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाच्या आश्रयावर नाही. फी, वर्गणी आणि जलशांच्या तिकिटांवर. अभ्यासक्रम, इयत्ता, परीक्षा, प्रमाणपत्र. घराण्यातल्या लोकांनी नाकं मुरडली असतील, पण सामान्य घरातल्या माणसाला आपण गाणं 'शिकतो' असं म्हणता येऊ लागलं ते यामुळे. ते १९३१ साली गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज माझ्या ओटीवरच्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा ज्या परीक्षा देतात, त्या याच मंडळाच्या.

दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळायला लागले तेव्हापासून आई-बाप स्वतः मुलींना माझ्याकडं आणून सोडतात. गुणांसाठी का होईना, मुली येतात, तीन-चार वर्षं बसतात, गळा तयार होतो. आणि दहावीचा निकाल लागला की सतरंजी बहुतेक रिकामी. मी रस्त्यात भेटल्यावर विचारते, का गं, येत नाहीस? "काकू, आता अभ्यास असतो." दहावीपर्यंत गाणं अभ्यासात होतं, अकरावीपासून ते अभ्यासाच्या आड येणारी गोष्ट झालं. त्याच वयात मुलीचा आवाज पक्का होत असतो. चार वर्षांचं बी पेरून, खुरपून, ऐन फुलोऱ्यात पाणी तोडायचं, असं शेतात आपण कोणी करतो का?

म्हणून मी गेल्या वर्षी या भागातल्या एका कॉलेजात गेले. बी.ए.ला संगीत विषय सुरू करा म्हणून अर्ज घेऊन गेले. प्राचार्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, वर्कलोड बसत नाही. नवा विषय अनुदानावर मिळत नाही, विनाअनुदानित काढला तर फी वाढते, फी वाढली की पटसंख्या मिळत नाही, आणि सीएचबीवर शिक्षक घेतला तर तो टिकत नाही. हे सगळं खरं आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचे हाल मी जवळून बघितले आहेत. पण निघताना ते जे म्हणाले, ते मनाला लागलं: "मॅडम, तुमच्या मुलींना गॅदरिंगला घेऊन या ना. स्वागतगीताला आम्हाला मुली मिळतच नाहीत." त्यांना मी मुलगी शिकायला पाठवते म्हणाले होते, त्यांनी ती पाहुण्यांच्या स्वागताला मागितली.

वास्तविक कागदावर दार उघडं आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज्य शासनानं नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची जी चौकट ठरवली, तिच्यात सहअभ्यासक्रमाच्या यादीत योग, क्रीडा, एनएसएस, एनसीसी यांच्याबरोबर ललित कला आणि सादरीकरणाच्या कलांचंही नाव आहे. त्याला श्रेयांक आहेत, म्हणजे गुणपत्रिकेवर ओळ आहे. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगानं गावातल्या, परिसरातल्या कलावंतांना कॉलेजांशी जोडून घ्यायच्या सूचना काढल्या. पदवी नसलेल्या पण हातात विद्या असलेल्या माणसाला बोलवा, असा त्यांचा रोख आहे. आमच्या पंचक्रोशीत पखवाजाचे असे हात किती आहेत! दहावी नापास माणूस बारा मात्रांचा चौताल असा लावतो की अंगावर काटा येतो. त्याला आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात बसवलं, तर त्याचाही मान वाढेल आणि मुलांना पुण्याहून कोणी येण्याची वाट बघावी लागणार नाही.

शिक्षकाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. एका कॉलेजाला पूर्ण वेळचा माणूस परवडत नसेल, तर शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या तीन-चार कॉलेजांनी मिळून एक घ्यावा. दोन दिवस शिरूरला, दोन दिवस दौंडला, एक दिवस मध्ये कुठं तरी. डॉक्टर असे वार लावून फिरतात, पशुवैद्य फिरतात, गाण्याचा शिक्षक का फिरू नये? पण त्याला पगार पूर्ण द्या, महिन्याच्या महिन्याला द्या. वाद्यांना फार खर्च नाही. दोन पेट्या, एक तबलाजोड, एक पखवाज. तानपुरा मात्र खरा घ्या, मिरजेचा. मोबाइलमधला तानपुरा मीही वापरते, प्रवासात तो चांगला आहे. पण मुलीनं स्वतःच्या बोटांनी दोरा सरकवून जवारी काढल्याशिवाय तिचा कान तयार होत नाही. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. आपल्या राज्यात पिकतं, आपल्या राज्यात घडतं, आणि आपल्याच कॉलेजांच्या कपाटात नसतं.

राहता राहिला शेवटचा प्रश्न, सगळ्यात जास्त विचारला जाणारा. संगीत घेऊन पुढं काय? पुढं एम.ए. आहे, पुणे विद्यापीठात १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, संगीतातही नेट देता येते. कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी कोणापासून लपवत नाही. आम्ही सात जणी होतो. दोघी शाळेत लागल्या, एक शिकवण्या घेते, एक कीर्तनाला साथीला जाते, मी ही इथं. दोघींचं गाणं घरापुरतं राहिलं. माझ्याबरोबर नुसता इतिहास घेतलेल्यांचा हिशोब मांडला तर तो याहून वेगळा येणार नाही, पण इतिहास घेऊन काय करणार असं कोणी त्यांच्या बापांना विचारलं नव्हतं. आणि घरापुरतं राहिलेलं गाणं वाया गेलं असं मी मानत नाही. त्या दोघींतली एक आजारी सासूला रोज रात्री गाऊन झोपवते, तिनंच फोनवर सांगितलं. तिला सूर कुठं धरायचा ते कळतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाला झोप लागते.

यंदा माझ्याकडं बारावीला चार जणी आहेत. दोघी निमोण्याच्या, एक शिंदोडीची, एक गुनाटची. काळी चारवाली त्यातच आहे, तिची मध्यमा झाली. पटसंख्या नाही असं पुन्हा ऐकायला लागू नये म्हणून मी एका कागदावर चौघींची नावं लिहिली आणि आई-वडिलांच्या सह्या घ्यायला निघाले. तीन घरी सही लगेच मिळाली. चौथ्या घरी तीनदा गेले. वडील ऊसतोडीच्या गडबडीत होते, मग बाजाराला गेले होते. तिसऱ्या खेपेला गोठ्यात भेटले. हात धुऊन आले, कागद नीट वाचला, पेन हातात धरून थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्ये गुणपत्रिकेवर येईल ना?"

मी म्हटलं, "भाऊ, तेच मागायला चाललेय."

त्यांनी सही केली.